अनोळखी आयपी अ‍ॅड्रेस दिसला? घाबरायच्या आधी तो वाचायचा कसा ते बघा

माझे काका सांगलीला असतात, रिटायर झालेत, घरी एक जुना कॉम्प्युटर आहे त्यावर बँक, लाईट बिल आणि नातवंडांचे फोटो एवढंच चालतं. एके दिवशी त्यांना फोन आला की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर घुसलेत, आम्ही टेक्निकल विभागातून बोलतोय. काकांना खरं वाटेना, तर त्या माणसाने त्यांच्याकडून काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाईप करून घेतली, खाली आकड्यांच्या दहाबारा ओळी आल्या आणि वर एका रकान्याला नाव होतं "फॉरेन अ‍ॅड्रेस". तो म्हणाला, बघा, फॉरेन म्हणजे परदेश, एवढे परदेशी लोक आत्ता तुमच्या मशीनला जोडलेले आहेत. काका घाबरले, त्याने सांगितलं ते सॉफ्टवेअर टाकलं, आणि "साफसफाई"चे म्हणून चौदा हजार गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तीच कमांड चालवली. त्या यादीतले निम्म्याहून जास्त पत्ते १२७.०.०.१ होते. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा आकड्यांचा पत्ता, आणि हा तर त्यांच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरचा! आणि "फॉरेन अ‍ॅड्रेस" म्हणजे फक्त समोरच्या टोकाचा पत्ता, त्याचा परदेशाशी काही संबंध नाही. चार आकडे वाचता आले असते तर ते चौदा हजार वाचले असते, हे मला आजही टोचतं. म्हणून हे सगळं बसून लिहितोय, मी काही नेटवर्क इंजिनियर नाही, अकाउंट्समध्ये काम करतो, पण त्यानंतर दोनतीन वर्षं हे एकेक करून शिकत गेलो आणि जिथे जिथे अडकलो ते खाली सांगितलंय.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- तो आयपी पत्ता जसाच्या तसा, शक्यतो स्क्रीनशॉट. पाठ करून सांगू नका, एक आकडा इकडचा तिकडे झाला की पत्ता पार दुसऱ्या देशातला होऊ शकतो
- तो दिसला ती तारीख आणि वेळ, सेकंदासकट असेल तर उत्तम
- तो कुठे दिसला: राउटरच्या यादीत, मेलमध्ये, वेबसाईटच्या लॉगमध्ये (कोण कधी आलं त्याची नोंदवही), की कोणी फोनवर सांगितला
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड (बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा)
- एक लॅपटॉप, मोबाईलवर अर्धीच कामं होतात
- कागद आणि पेन, खरंच सांगतो, लागतो

१. आधी तो पत्ता खरा आहे का ते बघा

साधा जुना आयपी, ज्याला आयपीव्ही४ म्हणतात, तो चार आकड्यांचा असतो, मध्ये टिंब, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मधलाच. कोणी तुम्हाला ३१२.४५.८.९०० असलं काही दाखवून घाबरवत असेल तर तो पत्ताच नाही, विषय संपला. धमकीच्या मेलमध्ये असे बनावट आकडे मी स्वतः पाहिलेत.

मग तो पत्ता कुठे दिसला ते कागदावर लिहा. हे लोक टाळतात. पण १९२.१६८.१.७ हा पत्ता तुमच्या राउटरच्या यादीत दिसणं आणि तोच पत्ता कुणीतरी "हा बघा तुमचा आयपी, आमच्याकडे पुरावा आहे" म्हणून मेलमध्ये पाठवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रोजची, दुसरी थाप.

२. कुठल्या रेंजमधला आहे ते ओळखा, निम्मं काम इथेच होतं

आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. पण ते सगळे इंटरनेटवर फिरणारे नाहीत. काही पट्टे मुद्दाम बाजूला काढून ठेवलेत, विशिष्ट कामासाठी, आणि ही वाटणी "आयाना" नावाची संस्था सांभाळते. अशा पट्ट्यातला पत्ता तुम्हाला दिसला तर त्याचा मालक इंटरनेटवर शोधून सापडणारच नाही, कारण जगात एक असा मालक नाहीच.

खाजगी पत्ते. हे तीन पट्टे १९९६ मध्ये ठरले, आजही तेच आहेत:

- १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ (१ कोटी ६७ लाखांच्या वर पत्ते)
- १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ (साडेदहा लाखांच्या आसपास)
- १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ (६५,५३६)

हे पत्ते म्हणजे सोसायटीतले फ्लॅट नंबर समजा. फ्लॅट नंबर ३०४ पुण्यात हजारो सोसायट्यांमध्ये आहे. पाकिटावर नुसतं "फ्लॅट नंबर ३०४" लिहिलं तर पोस्टमन कुठे जाणार? तसंच १९२.१६८.१.५ तुमच्याकडे आहे, शेजाऱ्याकडे आहे, माझ्या ऑफिसात आहे. त्या त्या राउटरच्या आतच त्याला अर्थ.

सापळा इथे आहे, नीट बघा: १७२ ने सुरू होणारे सगळे खाजगी नाहीत. दुसरा आकडा १६ ते ३१ असेल तरच. १७२.२१७ ने सुरू होणारा पत्ता गूगलचा असतो, तो बाहेरचा. तसंच १९२.१६८ खाजगी, पण १९२.१६९ नाही. मी सुरुवातीला १७२ दिसलं की "घरातलाच आहे" म्हणून सोडून द्यायचो, हे चुकीचं होतं.

१२७ ने सुरू होणारे. हा अख्खा पट्टा म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतंय. १२७.०.०.१ त्यातला नेहमीचा. ब्राउझर, अँटीव्हायरस, टॅली, बरेच प्रोग्राम आपल्याच दुसऱ्या भागाशी असं बोलत असतात, यात काही संशयास्पद नाही. काकांना घाबरवलं ते याच पत्त्याने.

१६९.२५४ ने सुरू होणारे. हा दिसला तर समजा की त्या मशीनने राउटरकडे पत्ता मागितला, राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेऊन टाकला. ऑफिसात प्रिंटर "गायब" होतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा हेच असतं. प्रिंटरच्या स्क्रीनवर १६९.२५४ दिसला की ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, केबल बघा, राउटर बंद करून चालू करा, मग प्रिंटर.

१००.६४ ते १००.१२७. यावर खाली वेगळं लिहिलंय कारण माझे सगळ्यात जास्त दिवस यात गेले.

२२४ ते २३९ ने सुरू होणारे. हे कुणा एकाचे नाहीत, एकाच वेळी अनेकांना ऐकू जावं म्हणून मारलेली हाक आहे. २२४.०.०.२५१ आणि २३९.२५५.२५५.२५० हे दोन तुम्हाला घरच्या नेटवर्कवर सतत दिसतील, टीव्ही, प्रिंटर, मोबाईल एकमेकांना शोधतात ते यावर. स्मार्ट टीव्ही घेतल्यावर फायरवॉलच्या लॉगमध्ये याचा पाऊस पडतो, पडू दे.

२५५.२५५.२५५.२५५ म्हणजे या नेटवर्कवरच्या सगळ्यांना निरोप. ०.०.०.० म्हणजे "कुठलाही" किंवा "अजून पत्ता नाही". २४० च्या पुढचा बाकीचा पट्टा राखीव आहे, रोजच्या वापरात दिसत नाही.

१९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे. हे फक्त पुस्तकात आणि ट्युटोरियलमध्ये उदाहरण द्यायला ठेवलेत, जसं बँकेच्या जाहिरातीतल्या चेकवर खोटं नाव असतं. नवीन मुलं व्हिडिओ बघून सेटिंग करतात आणि त्यातला २०३.०.११३.१० तसाच टाकतात, मग नेट का चालत नाही म्हणून रात्र घालवतात. तिथे तुमचा स्वतःचा पत्ता टाकायचा असतो.

३. खाजगी असेल तर घरातलं ते डिव्हाइस शोधा

सगळ्यात जास्त प्रश्न हाच येतो, "माझ्या वायफायवर एक अनोळखी आयपी आहे, कोण चोरून नेट वापरतंय का?" शक्य आहे, पण आधी घरातलं मोजा.

विंडोज लॅपटॉपवर स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीतच सलग लिहून एंटर मारा. "डिफॉल्ट गेटवे" समोरचा पत्ता म्हणजे तुमचा राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही फायबर कंपन्यांच्या राउटरला १९२.१६८.२९.१ असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका, अ‍ॅडमिन पासवर्ड द्या, आणि "कनेक्टेड डिव्हाइसेस" किंवा "डीएचसीपी क्लायंट्स" अशी यादी शोधा.

आता कागद घ्या आणि घरात वायफायला काय काय जोडलंय ते लिहा. सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही, टीव्हीला लावलेली स्टिक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्मार्ट बल्ब, प्लग, गीझरचा स्विच, इन्व्हर्टर, मुलाचा जुना टॅब जो कपाटात चार्जिंगला पडलाय, गेल्या महिन्यात राहून गेलेल्या पाहुण्यांचा फोन. आमच्या घरी मी आठ म्हणालो होतो, मोजले तर चौदा निघाले. ईएसपी अशा अक्षरांनी सुरू होणारं विचित्र नाव दिसलं तर बहुधा तो स्मार्ट बल्ब किंवा प्लग असतो, त्या चिपचंच नाव ते.

तरीही एखादा उरलाच तर एकेक डिव्हाइसचं वायफाय बंद करा आणि यादी रिफ्रेश करा. कंटाळवाणं आहे पण याच्यासारखी खात्री कशाने होत नाही.

इथला मोठा सापळा म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. यादीत आयपीच्या शेजारी बारा अक्षर-आकड्यांचा मॅक, म्हणजे डिव्हाइसचा स्वतःचा ओळख नंबर असतो आणि त्याच्या पहिल्या सहावरून ते बनवणारी कंपनी कळते असं सगळीकडे सांगतात. पूर्वी बरोबर होतं. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न देता बनावट मॅक देतात, तुमच्या प्रायव्हसीसाठी. त्यामुळे कंपनी सापडत नाही आणि लोक घाबरतात. खूण सोपी आहे: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट मॅक आहे, म्हणजे जवळपास नक्कीच कुणाचा तरी फोन किंवा नवा लॅपटॉप.

मी एकदा याच यादीवरून वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरावर संशय घेतला, त्याच्या आईला बोललोही. तो अनोळखी पत्ता आमच्याच हिच्या नव्या फोनचा होता. नंतर जाऊन माफी मागितली, पण त्या माऊलीचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. तुम्ही आधी सगळं मोजा, मग तोंड उघडा.

खरंच कुणी बाहेरचं सापडलं तर भांडणाची गरज नाही, वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल तर तोही आजच.

आणखी थोडे ओळखीचे चेहरे, कारण लॅपटॉपमध्ये हे अचानक उगवतात: १७२.२०.१० ने सुरू होणारा म्हणजे आयफोनचा हॉटस्पॉट, १९२.१६८.१३७.१ म्हणजे विंडोजचा स्वतःचा हॉटस्पॉट, १९२.१६८.५६.१ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, १७२.१७.०.१ म्हणजे डॉकर, हे दोन्ही प्रोग्रामिंगवाल्यांचे प्रोग्राम. मुलगा इंजिनियरिंगला असेल तर शेवटचे दोन घरात हमखास सापडतात.

४. १०० ने सुरू होणारा पत्ता, सीसीटीव्हीवाल्यांनी हे नक्की वाचा

आमच्या मित्राचं मिरजेत दुकान आहे, त्याचे कॅमेरे मोबाईलवर बघायचे होते. मी उत्साहाने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन थेट डीव्हीआरकडे वळवलं. चालेना. पुन्हा केलं. डीव्हीआर रिसेट केला, राउटर बदलला, अकरा दिवस गेले. शेवटी राउटरच्या "वॅन स्टेटस" पानावर (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटकडची बाजू) बघितलं तर पत्ता होता १००.७० ने सुरू होणारा, आणि गूगलवर "माझा आयपी" विचारला तर तिसराच कुठला तरी.

झालं असं की आयपीव्ही४ चे पत्ते संपलेत. आयानाकडचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, आणि आपल्या आशिया-पॅसिफिकच्या एपनिककडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटचा राखीव गठ्ठा तेवढा उरला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्याच्या मागे बसवतात, याला सीजीनॅट म्हणतात. या आतल्या वापरासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा खास पट्टा ठरला, त्यात ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते आहेत. म्हणजे तुमच्या राउटरच्या बाहेर अजून एक मोठा राउटर आहे, कंपनीचा, आणि त्याचं दार तुमच्या हातात नाही. तुम्ही तुमच्या दारावर कितीही पाट्या लावा, पाहुणा गेटवरूनच परत जातो.

तपासायची पद्धत: राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता आणि गूगलला विचारलेला पत्ता, दोन्ही कागदावर लिहा. सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालू शकतं. वेगळे असतील तर नाही. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ किंवा १० ने सुरू होणारा असेल तर बहुतेक सीजीनॅट. वॅनवर १९२.१६८ असेल तर बहुधा कंपनीच्या फायबर डब्यामागे तुम्ही तुमचा दुसरा राउटर लावलाय, तो कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो नुसती लाईन पुढे देतो, की प्रश्न सुटतो.

सीजीनॅट असेल तर नेहमीचे उपाय तीन आहेत: कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्यायचा, किंवा डीव्हीआरच्या कंपनीचं क्लाउड अ‍ॅप वापरायचं, किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्याच डिव्हाइसमधला बंद रस्ता). मित्राला मी अ‍ॅपवर टाकलं, दहा मिनिटांत काम झालं. आणि हो, टेलस्केल नावाचं व्हीपीएन आपल्या डिव्हाइसना याच १०० च्या पट्ट्यातले पत्ते देतं, ते टाकलेलं असेल तर गोंधळू नका.

१०० ने सुरू होणारे बाकीचे, म्हणजे १००.६३ पर्यंतचे आणि १००.१२८ पासूनचे, हे सार्वजनिक आहेत. फक्त मधला पट्टा खास.

५. कॉम्प्युटर कुणाकुणाशी बोलतोय ते बघायचं असेल तर

काकांकडून करून घेतलेली ती कमांड म्हणजे नेटस्टॅट. वाईट नाही ती, उलट फार उपयोगी, फक्त वाचता आली पाहिजे. वरच्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत नेटस्टॅट लिहून एक जागा सोडा, मग डॅश आणि ए, एन, ओ ही तीन अक्षरं सलग.

लोकल अ‍ॅड्रेस म्हणजे तुमचं टोक, फॉरेन अ‍ॅड्रेस म्हणजे समोरचं टोक. समोरचं टोक १२७.०.०.१ असेल तर सोडून द्या. स्टेटमध्ये "लिसनिंग" आणि पत्ता ०.०.०.० असेल तर कुणीही जोडलेलं नाही, प्रोग्राम नुसता वाट बघतोय. "एस्टॅब्लिश्ड" म्हणजे खरं चालू संभाषण, आणि ब्राउझर उघडा असेल तर अशा वीसतीस ओळी सहज असतात. पत्त्यानंतर दोन टिंबं आणि ४४३ दिसलं तर ते साधं सुरक्षित वेबसाईटचं कनेक्शन.

शेवटच्या रकान्यातला आकडा महत्त्वाचा, तो पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर. टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबमध्ये तोच आकडा शोधा, कुठला प्रोग्राम आहे ते नावासकट कळेल. पत्त्यापेक्षा प्रोग्रामचं नाव जास्त सांगून जातं, हे मी अनुभवाने सांगतो. काळ्या स्क्रीनची भीती वाटत असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्क टॅब बघा, तेच सगळं चौकटीत दिसतं.

तुम्ही उघडलेलं नसताना एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखा, दुरून मशीन चालवू देणारा रिमोट प्रोग्राम चालू दिसला तर मात्र लगेच नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. काकांच्या मशीनवर त्या माणसाने असाच एक मागे ठेवला होता.

६. पत्ता बाहेरचा असेल तर मालक शोधा

वरच्या कुठल्याच पट्ट्यात बसला नाही म्हणजे तो सार्वजनिक आहे, त्याचा कुणीतरी नोंदलेला धारक असतो. जगात हे पत्ते पाच प्रादेशिक संस्था वाटतात: आपल्या भागासाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी अरिन, युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक, आफ्रिकेसाठी अ‍ॅफ्रिनिक. भारतात एपनिकच्या खाली इरिन म्हणून आपली नोंदणी संस्था आहे, ती निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) चालवते. यांच्या साईटवर "हूइज" नावाची फुकट शोधपेटी असते. कुठूनही सुरू करा, पत्ता दुसऱ्या भागाचा असेल तर तिथे बोट दाखवतात.

उत्तरात चार गोष्टी बघा: पट्टा कुठून कुठपर्यंत, संस्थेचं नाव, देश, आणि "अब्यूज" लिहिलेला मेल, म्हणजे तक्रारीचा पत्ता. संस्था घरगुती इंटरनेट देणारी आहे की सर्व्हर भाड्याने देणारी, हा फरक मनात ठेवा. घरगुती असेल तर पलीकडे बहुधा माणूस आहे. अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्टचं नाव आलं तर याचा अर्थ त्या कंपनीने काही केलं असा नाही, त्यांचा सर्व्हर कुणीतरी भाड्याने घेतलाय एवढाच. भाड्याची गाडी कुणी ठोकली म्हणून आरसी बुकातलं नाव गुन्हेगार होत नाही.

मग काळ्या खिडकीत इंग्रजीत एनएसलुकअप ही कमांड लिहून पुढे पत्ता टाका, म्हणजे उलट नाव मिळतं. शेवटी १ई१००.नेट आलं तर तो गूगलचा, एकावर शंभर शून्यं या संख्येवरून त्यांनी ते नाव घेतलंय. पण सापळा असा की उलट नाव पत्त्याचा धारक स्वतः ठरवतो, तो काहीही लिहू शकतो. वेबसाईट चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, गूगलबॉट (गूगलचा साईट वाचत फिरणारा प्रोग्राम) म्हणवणारे खूप खोटे येतात. म्हणून आधी पत्त्यावरून नाव काढा, मग त्या नावावरून परत पत्ता काढा, दोन्ही जुळले तरच खरं.

१.१.१.१, ८.८.८.८ आणि ९.९.९.९ हे सरळ दिसणारे पत्ते अनुक्रमे क्लाउडफ्लेअर, गूगल आणि क्वाड९ यांच्या डीएनएसचे आहेत, साईटचं नाव दिलं की पत्ता सांगणारे. ते दिसणं अगदी नेहमीचं.

७. नकाशावरच्या टाचणीवर विश्वास ठेवू नका

"जीमेल उघडलं कोणीतरी दिल्लीतून!" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. आयपीवरून लोकेशन दाखवणाऱ्या साईट अंदाज सांगतात, जीपीएस नाही. मोबाईल डेटावर असाल तर कंपनीचं मोठं केंद्र जिथे असेल ते गाव दिसतं, सांगलीत बसलेला माणूस मुंबई किंवा दिल्लीत दिसू शकतो. कॉम्प्युटरवर जीमेलच्या अगदी तळाशी उजवीकडे "डिटेल्स" असतं, तिथे शेवटच्या वापरांची वेळ आणि पत्ते दिसतात. गावाचं नाव बाजूला ठेवा, ती वेळ बघा आणि आठवा, त्या वेळी तुम्हीच फोन उघडला होता का. वेळ जुळत नसेल तर पासवर्ड बदला आणि टू-स्टेप लावा.

या टाचणीमुळे खरी माणसं होरपळलीत. अमेरिकेत आयपी-लोकेशनच्या एका डेटाबेसमध्ये, पत्ता अमेरिकेतला आहे पण नक्की कुठला ते माहीत नाही, असे सगळे पत्ते देशाच्या साधारण मध्यावरच्या एका बिंदूवर टाकले जायचे. तो बिंदू निघाला कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका शेताच्या नावावर! वर्षानुवर्षं पोलीस, चिडलेले लोक, फसवले गेलेले लोक त्या घराच्या दारात येत राहिले आणि घरातल्यांना कारणच कळेना. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, मग कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेला. म्हणून नकाशावर टाचणी दिसली की कुणाच्या दारात जाऊ नका, कुणाचं नाव ग्रुपवर टाकू नका.

८. लांबलचक अक्षरंवाला पत्ता दिसला तर

तो आयपीव्ही६. आपल्याकडे मोबाईलवर तो आता सर्रास आहे. थोडक्यात सुरुवात बघा: एफई८० ने सुरू म्हणजे फक्त त्याच वायफायपुरता, राउटरपलीकडे जात नाही. एफसी किंवा एफडी ने सुरू म्हणजे खाजगी, १९२.१६८ चा भाऊ. एफएफ म्हणजे एकाच वेळी अनेकांना हाक. नुसतं दोनदा दोन टिंबं आणि १ म्हणजे स्वतःचंच मशीन. २००१:डीबी८ म्हणजे पुस्तकातलं उदाहरण. बाकी २ किंवा ३ ने सुरू होणारे बहुतेक खरे सार्वजनिक, त्यात २४० ने सुरू होणारे एपनिकच्या पट्ट्यातले, आपल्या मोबाईल कंपन्यांचे पत्ते तुम्हाला इथेच दिसतील.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, एकच फोन प्रायव्हसीसाठी आयपीव्ही६ चा मागचा अर्धा भाग सतत बदलतो, त्यामुळे लॉगमध्ये वीस पत्ते म्हणजे वीस माणसं नव्हे. पहिले चार गट जुळवा, ते सारखे असतील तर बहुतेक एकच घर किंवा एकच फोन.

९. खरंच गडबड असेल तर तक्रार अशी करा

पैसे गेले असतील तर आयपीचा शोध नंतर, आधी १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन आणि बँकेला फोन. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर लेखी तक्रार.

तक्रारीत नुसता आयपी लिहून भागत नाही. सीजीनॅटमुळे एकाच पत्त्यामागे एका वेळी कित्येक घरं असतात, म्हणून तीन गोष्टी द्या: पत्ता, समोरच्याचा पोर्ट नंबर (पत्त्यानंतर दोन टिंबांपुढचा आकडा) लॉगमध्ये असेल तर तो, आणि अचूक वेळ. वेळेत लोक फार चुकतात. बरेच लॉग यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत असतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये ८ तारखेचे रात्रीचे २०:४५ असतील तर आपल्याकडे ती ९ तारखेची पहाटेची २:१५. तारीखच बदलते! ही चूक झाली तर भलत्याच गिऱ्हाइकाचं नाव निघतं. म्हणून कुठली वेळ आहे ते शब्दात लिहा, यूटीसी की भारतीय.

त्या पत्त्यामागच्या माणसाचं नाव इंटरनेट कंपनी तुम्हाला देणार नाही, पोलिसांनी विचारलं तर देते. कुणी पैसे घेऊन "आयपीवरून नाव-पत्ता काढून देतो" म्हणत असेल तर लांब राहा. आणि उशीर करू नका, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, त्यानंतर ते मिळतीलच असं धरून चालू नका.

उलट तुम्हालाच फोन आला की "तुमच्या आयपीवरून बेकायदेशीर काम झालंय, व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही", तर फोन ठेवा. डिजिटल अरेस्ट असला काही प्रकार आपल्या कायद्यात नाही. तोही नंबर आणि वेळ लिहून १९३० ला कळवा.

काकांच्या मॉनिटरखाली मी एक चिठ्ठी चिकटवलीये, मोठ्या अक्षरात: १० / १७२.१६ ते ३१ / १९२.१६८ हे घरातले, १२७ हा आपलाच. मागच्या दिवाळीत पुन्हा तसाच फोन आला होता, समोरच्याने पत्ता वाचायला लावला, काकांनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, "अहो, हा तर माझाच नंबर आहे," आणि फोन ठेवून दिला.